दोन धोंड्यांची मुदत

चाकण,
२२ फेब्रुवारी १९५६

प्रिय सुरय्या,

तुला नमस्कार, मन्सूरभाईंना नमस्कार, आणि तुझ्या शिवणाच्या मशीनला दोन नमस्कार, कारण आमच्या घरात सध्या तुझ्यापेक्षा त्याचंच नाव जास्त निघतंय.

झालं असं, की आमचे भावजी, म्हणजे यांचे थोरले भाऊ रंगराव, विहिरीच्या दाव्याचे कागद शोधत माझ्या ट्रंकेपर्यंत पोचले. विहिरीचे कागद काही मिळाले नाहीत, तुझी चिठ्ठी मिळाली. तीच, मशीनसाठी घेतलेल्या साडेतीनशे रुपयांची. यांची नोकरी देहूरोडलाच ठेवून आम्ही तिथली आपली चाळ सोडून इकडे आलो, त्यानंतरच्या पाडव्याला तू चाकणला आली होतीस. मी आईच्या पाटल्या मोडून पैसे तयार ठेवले होते आणि तू अडून बसलीस, आधी कागद लिही, मगच हात लावीन. मी लिहिलं, शके १८७५, चैत्र शुद्ध प्रतिपदा. खाली तू सही ठोकलीस. पाटल्यांचं भावजींना ठाऊक नव्हतं. आता झालं.

भावजी कसे आहेत ते तुला सांगायला नको. सकाळच्या चहाबरोबर त्यांना भांडण लागतं. शेजारच्या सोपानरावांशी विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून सहा वर्षं कोर्टात भांडले आणि दिवाळीत हरले. आता पुण्याला अपील करायचंय, त्याला पैसे हवेत. चिठ्ठी उन्हात धरून म्हणाले, "शालन, उसनवारीच्या कागदाला तीन वर्सांची मुदत असती. ती पाडव्याला भरती. त्याच्या आत दावा लावला न्हाई, तर ह्यो कागद चुलीत घालायचा." मी म्हटलं, सुरय्या पैसे देणारच आहे, दावा कशाला? तर म्हणतात, "देनार असंल तर दावा लावल्याव बी देईल की."

तेव्हा माझं एकच ऐक. पैसे इकडे पाठवू नकोस. इकडे आले की ते सरळ विहिरीत जातील, तेही सोपानरावांच्या. सुमन यंदा सातवी पास होईल. तिला पुण्याला मुलींच्या हायस्कुलात घालायची आणि वसतिगृहात ठेवायची, असं मी ठरवलंय. ते पैसे तिचे. यांनी मान हलवली आहे, पण यांची मान भावासमोरही तशीच हलते, म्हणून मी तिच्यावर विसंबत नाही. जूनपर्यंत तुझ्याकडेच राहू देत.

तुझी,
शालन


पिंपरी,
२९ फेब्रुवारी १९५६

प्रिय शालन,

तुझं पत्र मन्सूरला वाचून दाखवलं. त्याचा पहिला प्रश्न, समन्स कसं असतं, हिरवं की पिवळं? मी म्हटलं, आलं की बघू, कापड बरं असेल तर उशीचा अभ्रा शिवू.

पण खरं सांगते, मला लाज वाटली. पहिल्या वर्षी ट्रकखाली काम करताना मन्सूरचा पाय मोडला, दुसऱ्या वर्षी दुकानाची पागडी भरली, आणि तू कधी एका शब्दाने विचारलं नाहीस. यंदा मात्र माझं नशीब उघडलंय. इथल्या औषधांच्या नव्या कारखान्यात माणसांना पांढरे डगले लागतात, आणि दोनशे डगल्यांचं काम मला मिळालंय. दुकानात सगळीकडे पांढरंच पांढरं. काल मन्सूर चुकून डगला घालून जेवायला बसला, तर शेजारीण त्याला डॉक्टर समजून जीभ दाखवून गेली.

कामाचे पैसे मेअखेर मिळतील. तू काळजी करणारी, म्हणून लिहूनच देते: तुझे साडेतीनशे रुपये मी देणं लागते आणि ते सुमनच्या शाळेसाठी देईन. घे, पूर्ण सही करते. आता नीट झोप.

आणि हो, उडदाच्या पापडात पापडखार किती घालतेस? मागे मी अंदाजाने घातला, तर पापड कढईभर फुलले आणि तोंडात साबणासारखे लागले. लगेच कळव, डाळ दळून ठेवलीय.

तुझी,
सुरय्या मन्सूर शेख


पिंपरी,
२१ एप्रिल १९५६

सौ. शालनबाई यांस,

खेडच्या कोर्टाचं समन्स काल मिळालं. ते हिरवंही नाही आणि पिवळंही नाही. वादी म्हणून आपलं नाव आहे. मुखत्यार म्हणून आपल्या दिरांचं नाव आहे, आणि त्यांना मुखत्यार नेमल्याच्या कागदाची नक्कल सोबत आहे. त्यावर आपली सही आहे. तारीख तीन मे.

आपल्याला पैसे लवकर हवे होते, तर एका कार्डाने काम झालं असतं. जूनपर्यंत थांब असं आपणच लिहिलं होतंत. त्यानंतर दोन महिने आपलं पत्र नाही. पापडाचंही उत्तर आलं नाही. डाळीच्या पिठाला कीड लागली.

कळावे,
सुरय्या शेख


चाकण,
२४ एप्रिल १९५६

सुरय्या,

मला 'आपण' म्हणतेस? त्यापेक्षा चार शिव्या घालायच्या होत्यास, मी गोड मानून घेतल्या असत्या. तुझं पत्र वाचलं आणि हातातली भाकरी तव्यावर तशीच करपली.

आता सगळं ऐक. मार्चमध्ये सुमनला कांजिण्या आल्या. ती उठते न उठते तोच मी आडवी झाले. या वयात! अंगभर पुरळ घेऊन पडले होते, पत्र कुठलं लिहिणार? त्यातून उठले तोच भावजींनी कागद पुढे केला. "सुमनच्या शाळेचा दाखला काढायचाय, सही कर." शाळेचं नाव ऐकलं आणि मी वाचलंसुद्धा नाही. हुरळली मेंढी, लागली लांडग्याच्या पाठी! ते मुखत्यारपत्र होतं. दावा लागल्याचं मला तुझ्या पत्राने कळलं.

विचारलं, तर वर मलाच त्यांचं शहाणपण ऐकवलं. "दावा कायम शेवटाला लावावा, म्हंजी म्होरला गाफील ऱ्हातो." पाडव्याला कोर्ट बंद. आदल्या दिवशी अमावास्या, अमावास्येला ते उंबऱ्याबाहेर पाय टाकत नाहीत. म्हणून त्याच्या आदल्या मंगळवारी, दहा तारखेला, खेडला जाऊन दावा लावून आले. "मुदतीत दोन दिस राखून," असं गावभर सांगत फिरतायत. वकील केलेला नाही. वकिलापेक्षा आपल्याला जास्त कळतं, असं त्यांचं सहा वर्षांचं म्हणणं आहे.

आणि आता माझी विनंती. कुठल्या वादीने कुठल्या प्रतिवादीला अशी केली असेल असं वाटत नाही, पण करते. तू हा दावा हरू नकोस. तू हरलीस, की हुकूमनामा माझ्या नावावर, पैसे भावजींच्या हातात आणि तिथून पुण्याला अपिलात. मग सातवी हीच सुमनची शेवटची इयत्ता. काल ती मला विचारत होती, वसतिगृहात खिडकीजवळची खाट मिळते का?

चांगला वकील बघ. आणि पापडखार शेराला तीन तोळे, त्यावर चिमूटभरही नाही.

तुझीच (वादी),
शालन


पिंपरी,
२८ एप्रिल १९५६

माझी शालन,

तुझं पत्र वाचून मी आधी हसले, मग रडले, मग परत हसले. माप द्यायला आलेली बाई माप न देताच निघून गेली. माझं ते 'आपण' विसरून जा. ते लिहिताना मला किती त्रास झाला म्हणून सांगू! तीनदा 'तू' लिहून खोडलं होतं.

वकील केला. मन्सूरचा आतेभाऊ करीम, पुण्याला दोन वर्षं वकिली करतो. त्याने चिठ्ठीची नक्कल वाचली, तारखा काढल्या आणि गालातल्या गालात हसायला लागला. म्हणाला, "भाभी, कागदावर तिथी असो की काही असो, मुदत इंग्रजी कॅलेंडरानेच मोजायची, असं कायदा सांगतो." तो पाडवा होता १६ मार्च १९५३. म्हणजे मुदत संपली यंदाच्या १६ मार्चला. भावजींनी दावा लावला १० एप्रिलला. पंचवीस दिवस उशिरा!

भावजी मोजत बसले पाडवा ते पाडवा. पण मधे अधिक महिने किती आले? त्रेपन्नचा वैशाख आणि गेल्या सालचा भाद्रपद. तीन वर्षांत दोन! माझ्या लक्षात आहेत, कारण दोन्ही वेळा तू अनारसे पाठवले होतेस. अधिकाला तुम्ही धोंड्याचा महिना म्हणता ना? तर तुझ्या भावजींनी आपल्या पायावर एक नाही, दोन धोंडे पाडून घेतले. आमच्या वर्षात असला जादा महिना नसतोच. आमच्या हिशेबाने मुदत फेब्रुवारीतच गेली असती. एका चिठ्ठीला तीन मुदती, बघ!

मी करीमला म्हटलं, मुदतीच्या आडून पैसे बुडवणारी असं नाव मला नको. तो म्हणाला, तुम्ही बोला की नका बोलू, मुदत गेली असेल तर कोर्ट आपणहून दावा काढून टाकतं.

मग त्याने सहज विचारलं, "मुदतीच्या आत कुठे सहीनिशी देणं कबूल केलं नाहीत ना? केलं असेल, तर त्या दिवसापासून नवी तीन वर्षं." मी म्हटलं, केलंय. एकोणतीस फेब्रुवारीला, पूर्ण सहीने, पापडाच्या चौकशीसकट. करीमने कपाळावर हात मारला.

तर शालन, सगळं आता तुझ्या हातात आहे. ते पत्र कोर्टात आलं तर दावा ठणठणीत उभा राहील आणि पैसे मिळतील, पण भावजींना. ते आलं नाही तर कोर्टापुरतं माझं देणं संपलं. मग तुझ्याजवळ फक्त माझा शब्द उरतो, आणि शब्दावर कुठलं कोर्ट जप्ती आणत नाही. प्रश्न सुमनचा आहे, म्हणून विचार करून ठरव. तू पत्र दाखवलंस तरी मी रागावणार नाही. खुदाची कसम.

तुझी,
सुरय्या


चाकण,
४ मे १९५६

सुरय्या,

हरलो! अगं, आम्ही हरलो!

पहिल्यापासून सांगते. भावजींनी मला जबरदस्तीने बरोबर नेलं, वादी दिसायला हवी म्हणून. त्यांनी डोक्याला फेटा बांधला होता आणि काखेत तीन वर्षांची तीन पंचांगं. तुझा करीम आला. पोरगा चुणचुणीत आहे, पण त्याच्या काळ्या कोटाच्या बाह्या मनगटाच्या वर चार बोटं राहतात. तू शिवला असशील तर कुणाला सांगू नकोस.

सुट्टीच्या आधीचा आठवडा, त्यामुळे साहेब भराभर प्रकरणं काढत होते. त्यांनी आमचा कागद वाचला आणि म्हणाले, "दावा मुदतीबाहेर आहे." भावजी उठले. "मुदतीत हाय साहेब, दोन दिस राखून हाय." आणि तिन्ही पंचांगं टेबलावर! साहेबांनी शांतपणे इंग्रजी तारखा मोजून दाखवल्या. भावजी म्हणाले, "आन् मधले दोन अधिक म्हैने? त्ये देवानं दिल्यात साहेब!" साहेब म्हणाले, "देवाने दिलेत, पण कायद्याने घेतलेले नाहीत." सगळं कोर्ट हसलं. शिपाईसुद्धा.

मग साहेबांनी तोच प्रश्न विचारला, मधल्या काळात प्रतिवादीने सहीनिशी काही लिहून दिलंय का? भावजी गर्रकन माझ्याकडे वळले. "शालन, त्या बाईचं काय पत्र-बित्र हाय का घरी?"

सुरय्या, तुझं पत्र घरी पापडाच्या डब्यात, पापडांच्या खाली होतं. 'आहे' म्हटलं असतं, तर आईच्या पाटल्यांचे पैसे कायद्याने परत मिळाले असते. 'नाही' म्हणायला जीभ रेटत नव्हती. मी म्हटलं, "येतं की पत्र. पापडखार किती घालायचा, त्ये विचारती." भावजींनी कपाळाला आठ्या घातल्या आणि साहेबांना म्हणाले, "बायकांची पत्रं साहेब, त्यात काय असनार!" झालं. दावा फेटाळला.

मला तुझ्यापेक्षा कायदा जवळचा वाटला नाही, एवढंच. यात मी काही मोठं केलं असं नाही. बाहेर येऊन चिंचेखाली बसले आणि आधी तांब्याभर पाणी प्यायले.

भावजींचं म्हणशील तर ते खूश आहेत! त्यांना विहिरीपेक्षा मोठं भांडण मिळालंय. अधिक महिना कायद्यात धरावा, म्हणून सरकारला अर्ज लिहायला बसलेत. आज सकाळी सोपानरावांनी त्यावर पहिली सही केली. सहा वर्षांनी दोघं एका ओट्यावर बसून चहा प्यायले. अपिलाचं कुणी नाव काढत नाही.

आणि हे. यांचं तर नवलच. खेडहून परत येताना बैलगाडीत भावजींना डुलकी लागली, तेव्हा रजा काढून गाडी हाकायला आलेले हे पुढे बघतच हळूच मला म्हणाले, "पापडाच्या डब्याला कुलूप लाव." म्हणजे यांना सगळं ठाऊक होतं!

तुझी (हरलेली),
शालन


चाकण,
९ जून १९५६

प्रिय सुरय्या,

महिना झाला, तुझं पत्र नाही. प्रवेशाची शेवटची तारीख तेरा, बुधवार. मी काही विचारत नाही. तुला कामाचे पैसे मिळाले नसतील, हेही मला समजतं.

तरी सांगते. सोमवारी हे देहूरोडला कामावर परत जाताना सुमनला बरोबर आणतील आणि तुझ्या घरी सोडतील. भावजींना यांनी सरळ सांगितलं, "पोरगी शिकनार हाय दादा." आयुष्यात पहिल्यांदा यांची मान हलली नाही. भावजी अर्जातून मान वर न करता म्हणाले, "शिकू दे. कायदा शिक म्हनावं."

शाळेच्या कागदावर यांनी सही केली आहे, पण यांना रजा नाही. पैसे नसतील तर सुमनला दोन दिवस पिंपरी दाखव आणि परत पाठव. तिची समजूत मी घालीन. तुझा शब्द खोटा होता असं मी मरेपर्यंत म्हणणार नाही. फक्त तिला सरळ सांग, लपवू नकोस.

शालन


पिंपरी,
१४ जून १९५६

शालन, माझी बाई,

पत्र लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं चांगलं काही नव्हतं आणि वाईट लिहायला हात धजत नव्हता. कारखान्याने दोनशेतले साठ डगले परत पाठवले. खिसा उजवीकडे हवा होता, मी डावीकडे लावला होता. ते निस्तरल्याशिवाय एक पैसाही मिळणार नव्हता. साठ खिसे उसवले, साठ परत लावले. सोमवारी तुझे यजमान सुमनला घेऊन आले, तेव्हा अकरा डगले बाकी होते आणि माझ्या हातात दमडी नव्हती. मी तुझ्या सांगण्याप्रमाणे सुमनला सरळ सांगितलं. तिने पिशवी खाली ठेवली आणि विचारलं, "बटणं कुठायत?" अकराही डगल्यांची बटणं तिने लावली. मन्सूरने गठ्ठे सायकलवर लादून पोचवले. मंगळवारी संध्याकाळी पैसे हातात आले.

काल सकाळच्या पहिल्या गाडीने आम्ही दोघी पुण्याला गेलो. शाळेची फी आणि वसतिगृहाचे मिळून एकशे चाळीस भरले. पावती सुमनच्या नावाची आहे. उरलेले दोनशे दहा आज पोस्टात तिच्या नावाने ठेवले. खिडकीजवळची खाट मिळाली. खिडकीतून दुसऱ्या इमारतीची भिंत दिसते, पण ती म्हणते, चालेल.

एका गोष्टीवर मात्र गाडी अडली. वसतिगृहाच्या कागदावर जवळपास राहणाऱ्या पालकाचं नाव लागतं. मी माझं सांगितलं. मोठ्या बाईंनी ते लिहून घेतलं, चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं, मग सुमनकडे बघितलं आणि विचारलं, "मुलीशी नातं काय?"

शालन, शेजारीण म्हणावं तर चाळ सोडून वर्षं झाली. मैत्रीण म्हणावं, तर ते नातं कागदावर लिहीत नाहीत. माझ्या तोंडून निघून गेलं, "मी हिच्या आईची देणेकरीण आहे."

बाईंचा टाक हवेत तसाच राहिला. मागचा कारकून खोकल्यासारखं करून हसला. तेवढ्यात सुमन पुढे झाली, टेबलावर दोन्ही हात ठेवले आणि म्हणाली, "मावशी लिहा."

बाईंनी लिहिलं. मी खाली सही केली, आणि मग तिथेच, सगळ्यांसमोर, पदर डोळ्यांना लावून रडले. सुमन मला सांगत होती, मावशी, शाई ओली आहे, पुसेल.

तुझी,
सुरय्या